तुम्ही विचारलंत म्हणून: स्टॅटिनने कॉर्टिसॉल घटतं का?

‘कॉर्टिसॉल कोलेस्टेरॉलपासूनच बनतं ना? मग गोळीने कोलेस्टेरॉल उतरवलं की अ‍ॅड्रिनल ग्रंथी उपाशी नाही का पडणार?’ कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन सुरू झालं की हा प्रश्न हमखास येतो. पहिलं वाक्य खरं आहे: मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाशी झुंजायला लागणारं हार्मोन कोलेस्टेरॉलपासूनच बनवतात. दुसऱ्यात हिशेब चुकतो.

एलडीएल (रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १०० असेल, म्हणजे डेसीलिटरला १०० मिलिग्रॅम, तर सुमारे तीन लिटर प्लाझ्मात (रक्तातल्या द्रव भागात) नुसत्या एलडीएलमधूनच ३००० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल फिरत असतं. दिवसाचं कॉर्टिसॉल भरतं जेमतेम १० ते २० मिलिग्रॅम. एलडीएल ५० वर आलं तरी १५०० उरतंच. शिवाय ग्रंथी स्वतःही कोलेस्टेरॉल बनवते आणि पेशींत थेंबाथेंबाने साठवून ठेवते.

खरी गोम पुढे आहे. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीकडून आलेलं एसीटीएच, म्हणजे ‘कॉर्टिसॉल बनवा’ असा हुकूम देणारं हार्मोन, अ‍ॅड्रिनलच्या पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटतं, आत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि प्रोटीन कायनेज ए हे एन्झाइम जागं होतं. ते साठ्यातलं कोलेस्टेरॉल मोकळं करायला लावतं आणि ‘स्टार’ या प्रथिनालाही कामाला जुंपतं. स्टार कोलेस्टेरॉलला मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यापर्यंत नेतं. तिथे त्याचं प्रेग्नेनोलोन होतं, ही कॉर्टिसॉलकडे जाणारी पहिली पायरी. वेग ठरतो तो इथे. स्टार जन्मतःच निकामी असलेल्या बाळांच्या अ‍ॅड्रिनल चरबीने फुगलेल्या असतात आणि कॉर्टिसॉल जवळजवळ शून्य! कोठार भरलेलं, चूल थंड.

दुसरं टोक अबीटालिपोप्रोटिनेमियाचं. या दुर्मीळ आजारात रक्तात एलडीएल नसतंच, तरी रोजचं कॉर्टिसॉल ठीक असतं. एसीटीएचचा मारा लांबला तरच ग्रंथी कमी पडते. (उंदरांवरचे प्रयोग इथे जसेच्या तसे लावू नयेत. त्यांची अ‍ॅड्रिनल मुख्यतः एचडीएलवर (‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलवर) चालते, आपली एलडीएलवर.)

तेव्हा थकवा, घटतं वजन, उभं राहताच चक्कर, कमी सोडियम अशी कॉर्टिसॉल कमी पडल्याची लक्षणं दिसली तर स्टॅटिनला दोष देण्याआधी स्टेरॉइडची चौकशी करा: प्रेडनिसोलोन बरेच दिवस घेऊन एकदम बंद केलं का? सांधेदुखीची बिननावाची पुडी चालू होती का? हिरड्या, तळहाताच्या रेषा काळवंडल्या असतील तर अ‍ॅड्रिनल निकामी करणारा क्षयरोग शोधायलाच हवा.

तपासणी सकाळी आठच्या सुमारास. कॉर्टिसॉल डेसीलिटरला ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता जवळपास नक्की, १८ च्या वर असेल तर बहुधा नाही. मधल्या आकड्याला २५० मायक्रोग्रॅम कृत्रिम एसीटीएच टोचून ३० आणि ६० मिनिटांनी पुन्हा रक्त घेतात. प्रेडनिसोलोन चालू असताना नमुना दिला तर अनेक यंत्रं तेच कॉर्टिसॉल म्हणून मोजतात आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनीही आकडा खोटा वर दिसतो. चालू असलेली सगळी औषधं लॅबच्या कागदावर लिहा.