पोफळभर पाणी

मे महिन्यातली दुपार. आमरस जरा जास्तच झालेला, लाइट गेलेली. मुंबईहून आलेली भाची ओटीवर काचेचा पेला आणि जुनी लग्नपत्रिका घेऊन बसली होती. ती पत्रिका शोधण्यातच अर्धा तास गेला. हल्ली लग्नं मोबाइलवरच कळतात, घरात पुठ्ठा म्हणून उरत नाही.

पेला काठोकाठ भरला, वर पत्रिका दाबली, पेला उपडा केला, हात काढला. पहिल्या खेपेस सगळं पाणी माझ्या मांडीवर. दुसऱ्या खेपेस मात्र पत्रिका जी चिकटली ती चिकटलीच. वाकून पाहिलं तर तिच्यावरचा गणपती जमिनीकडे तोंड करून लटकलेला.

"काय गो हे, देवाला उपडं टांगलंस?" आई आतून आली.

"आजी, हवेने धरलंय खालून."

माझा विश्वास बसेना, म्हणून कॅलेंडरच्या मागे हिशोब मांडला. पेल्याचं तोंड 7 सेंटिमीटर धरलं तर हवा खालून जवळजवळ 40 किलोंचा रेटा देते. पेल्यात पाणी पाव किलो. गणपती पडणार कसा?

आमच्याकडे रहाट गेला आणि विहिरीवर पंप आला तेव्हा मी सहावीत होते. ऐन शिंपण्याच्या वेळी पंप हवा धरायचा. मग बाबा उकिडवे बसून तांब्याने त्याच्या तोंडात पाणी ओतत आणि काहीबाही पुटपुटत. ते मंत्र नव्हेत एवढं आम्हा मुलांना कळायचं. एकीकडे बुडबुडे, एकीकडे बाबा. मध्येच पंप खाकरायचा आणि दोणीत पाण्याची पहिली पिचकारी पडायची. तिच्याखाली डोकं कोणी धरायचं यावरून भांडणं.

'पंप पाणी ओढतो' असंच सगळे म्हणायचे. ओढतो कुठला! तो आपल्यापुरती जागा मोकळी करतो. पाण्याला वर ढकलते ती विहिरीवर बसलेली बाहेरची हवा. तीही 10 मीटरच्या जरा वरपर्यंतच, पुढे तिचं काही चालत नाही. 1643 साली तोरिचेल्ली नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने हवेचा हा रेटा नळीत मोजायला पाण्याऐवजी पारा घ्यायचं सुचवलं. पारा जड, त्यामुळे 76 सेंटिमीटरवर भागलं. पाणीच घेतलं असतं तर नळी आमच्या आगरातल्या जाणत्या पोफळीएवढी उभी करावी लागली असती. म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या डोक्यावर एक पोफळभर पाणी! हे माप मला भलतंच आवडलं. घरात आणखी कोणाला आवडलं नाही.

"कमी दाबाचा पट्टा म्हणतात, तो हाच का गो दाब?" आईने मध्येच विचारलं.

हाच.

3 जून 2020. निसर्ग वादळ. त्याच्या पोटात हवेचा दाब नेहमीपेक्षा तीनेक टक्क्यांनीच कमी होता. कॅलेंडरच्या मागे जागा होती, तिथेच मांडून पाहिलं: पोफळीच्या मापाने एक फूट. तो फूटभर खड्डा भरायला चहूकडची हवा धावत सुटली, आणि संध्याकाळी आमच्या आगरात उभ्या राहिलेल्या पोफळी मोजायला हाताची बोटं पुरली.

आई उत्तरासाठी थांबली नव्हती. मागच्या पडवीत जाऊन आगराकडे बघत उभी होती. तेव्हा लावलेली रोपं आता कुठे तिच्या डोक्यावर गेलीत.