चाल कुणाची, ते सांगा की

सिनेमातल्या गाण्याची चाल जुन्या नाटकातून चोरलीय का हे कसं ठरवायचं, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. बेळगावात कुठंही पेटी घेऊन बसलं, गणपतीचा मांडव असो की घरगुती बैठक, कुणीतरी विचारतंच: "मास्तर, सिनेमातलं ते गाणं अगदी नाटकातल्या पदासारखं वाटतंय की हो. चाल चोरली काय?"

बहुतेक वेळा माझं उत्तर 'नाही' असतं. 'स्वयंवर' नाटकातलं (१९१६) 'नाथ हा माझा' यमन रागात आहे आणि 'चंदन सा बदन' हे हिंदी सिनेमातलं गाणंही यमनातलंच. पेटीवर नि-रे-ग नुसतं दाबलं तरी ऐकणारा मान डोलावतो, कारण राग ओळखीचा असतो. राग कुणाच्या मालकीचा नाही. मी बघतो मुखडा, म्हणजे गाण्याची सुरुवातीची, परत परत येणारी ओळ. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठल्या अक्षरावर येते, समेवर येताना सुरांचं कुठलं वळण घेतलंय, अंतरा, म्हणजे पुढचं कडवं, कुठल्या सुरावरून उचललाय. हे सगळं जुळलं आणि वर ठेकाही तोच निघाला, तर मात्र मला योगायोग म्हणवत नाही.

कोर्टातही थोडंफार असंच चालतं. 'द फँटम ऑफ द ऑपेरा' या संगीतिकेतल्या गाण्यावरून रे रेप या अमेरिकन गीतकारानं अँड्र्यू लॉइड वेबर यांच्यावर दावा लावला होता. १९९८ मध्ये ज्युरीनं वेबर यांच्या बाजूनं कौल दिला. अशा दाव्यात साम्य किती हे बघतातच, पण मूळ गाणं समोरच्याच्या कानावर पडायची शक्यता होती का, हेही बघतात.

आमच्याकडं हा दुसरा प्रश्न विचारायचीच सोय नाही. इथं सगळ्यांनी सगळं ऐकलेलं असतं. निपाणी-खानापूरकडं घरात मराठी अभंग आणि बाजारात कन्नड गाणी, गोकाकच्या बाजूला श्रीकृष्ण पारिजात या कन्नड लोकनाट्याचे खेळ. अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८० मध्ये पुण्यात त्यांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं, त्यात साकी-दिंडी या मराठी पद्यप्रकारांबरोबर कन्नड चालीही होत्या. त्यांना कुणी चोर म्हटलं नाही, आणि मीही म्हणणार नाही. त्या काळच्या संगीत नाटकांची छापील पुस्तकं उघडून बघा. पदाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून मूळ गाण्याचे शब्द दिलेले सापडतात. चार आण्याचं पुस्तक घेणाऱ्यालाही कळायचं, की ही चाल कुठून आली.

मला चीड आहे ती ही 'चाल'ची ओळ गाळण्याची. सिनेमाच्या श्रेयनामावलीत केशभूषेपासून गाडी चालवणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं येतात, ती यायलाच हवीत. पण जुन्या पदाचा मुखडा जसाच्या तसा उचललेला असताना खाली फक्त 'संगीत' आणि एकच नाव दिसलं, की मला सहन होत नाही. कायद्यानं त्यात बहुधा काही अडत नाही. आपल्याकडं रचनाकार गेल्यावर साठ वर्षांनी त्याचा हक्क संपतो. 'स्वयंवर'ला चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांच्या चाली आज कुणीही घ्याव्यात, नव्या वाद्यमेळात बसवाव्यात, मला आनंदच आहे. फक्त बुवांचं नाव घाला.

माझ्याकडं शिकायला येणाऱ्या मुलांना मी वहीत पदाच्या वर आधी चाल कुणाची ते लिहायला लावतो, मग स्वर. नाव ठाऊक नसलं तर 'पारंपरिक' आणि कुणाकडून ऐकली ते.