उसण भरली त्या सकाळी

नाइट ड्यूटी संपायला दोन तास उरले होते. ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यातून कापसाचा रोल काढायला मी वाकले आणि कंबरेत उसण भरली. सरळ होता येईना. पलंगाचा कठडा धरून कशीबशी गुडघ्यांवर टेकले. मावशी धावत आल्या. "सिस्टर, काय उचललंत एवढं?" कापूस, मी म्हटलं. त्यांना ते खरं वाटेना.

अकरा वर्षं मी मेडिकल वॉर्डात आहे. ऐंशी किलोचा पेशंट चादरीसकट वर सरकवताना कधी काही झालं नव्हतं, म्हणून अर्धा किलोच्या वस्तूने कंबर धरावी हे मला समजेचना.

हॉस्पिटलच्या फिजिओथेरपिस्ट मॅडम आल्या. त्यांनी आधी कंबरेला हात लावला नाही, प्रश्न विचारले. मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आहे का? लघवी अडली किंवा नकळत झाली का? पाऊल वर उचलता येतं का? यातलं काही असतं तर डॉक्टरांना तातडीने दाखवावं लागलं असतं. माझ्या बाबतीत तसं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "आता रात्रभर काय काय केलंत ते सांगा."

मी बोटांवर मोजायला लागले. अंथरुणाला खिळलेले दोन पेशंट, बेडसोर होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे. रात्री आठ ते सकाळी सहा, सहा खेपा. दोघांच्या मिळून बारा. शिवाय स्पंजिंग, चादरी, डायपर. त्यातला एक पलंग खालीच अडकलेला, कारण उंची वाढवायचा दांडा कित्येक महिने फिरत नव्हता. आणि शेवटची खेप झाल्यावर वीस-पंचवीस मिनिटं बुटक्या स्टुलावर पोक काढून मी चार्ट लिहीत बसले होते. कंबर मध्यरात्रीपासूनच भरून आली होती. बसल्यावर जरा बरं वाटलं. तिथून उठले आणि थेट वाकले.

"ती बसायची वेळ कंबरेला विश्रांतीची नव्हतीच," त्या म्हणाल्या. माणूस पूर्ण वाकला की पाठीचे स्नायू बरंचसं काम सोडून देतात आणि भार मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांवर येतो. पोक काढून बसल्यावरही तेच अस्थिबंध ताणलेले राहतात. ताण लांबला की ते हळूहळू सैल पडतात. वीस मिनिटांनी आलेला सैलपणा उठल्यावर लगेच जात नाही, अर्ध्या तासानंतरही थोडा उरतो. रात्रभर राबलेले स्नायू, वर सैल पडलेले अस्थिबंध. अशा कंबरेला कापसाचा रोलही पुरतो. रोलपेक्षा कितीतरी जड असं माझं स्वतःचं धडही त्या वाकण्यात उचललं जात होतं, हे मी कधी मोजलंच नव्हतं.

त्यांनी मला झोपवून ठेवलं नाही. दुखणं सोसेल तेवढं चालायचं, गरम शेक घ्यायचा, अंथरुणात दिवस काढायचे नाहीत. चौथ्या दिवशी मी वॉर्डात परतले ते उचलाउचल न करण्याच्या अटीवर.

त्या दिवसांत आकडे वाचले. कामाच्या जागेवरच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या 'नायॉश' या सरकारी संस्थेच्या १९९१च्या सूत्रात सगळं अनुकूल असतानाही उचलायच्या वजनाची मर्यादा २३ किलो धरली आहे, आणि वस्तू शरीरापासून २५ ऐवजी ५० सेंटिमीटरवर गेली की ती निम्मी होते. पेशंट हाताने उचलण्यासाठी २००७ साली सुचवलेली मर्यादा आहे सुमारे १६ किलो. माणसाचा एक पाय त्याच्या वजनाच्या साधारण सहाव्या भागाइतका असतो. म्हणजे ऐंशी किलोच्या पेशंटचा एक पाय धरला तरी तेरा किलो झाले! आम्ही बायका मात्र अख्खा माणूस उचलत आलो, आणि कंबर दुखली की वयाला दोष देत आलो. याचा मला अजूनही राग येतो.

तो अडकलेला दांडा मी लेखी तक्रारी करकरून दुरुस्त करून घेतला. पलंग कंबरेच्या उंचीला आला. ड्रॉशीट, म्हणजे पेशंटच्या कंबरेखाली आडवी घातलेली चादर, दोघींनी दोन्ही बाजूंनी अंगाजवळ घट्ट धरायची, एक पाय पुढे ठेवायचा आणि हातांनी न ओढता अंगाचा भार मागच्या पायावर न्यायचा. चार्ट लिहून उठलं की आधी दोन मिनिटं उभं राहायचं, कंबरेवर हात ठेवून हलकेच मागे झुकायचं, मगच पुढचं काम.

या नव्या पद्धतीच्या पहिल्या रात्री फिजिओ मॅडम स्वतः थांबल्या होत्या. ऐंशी किलोचे ते काका, पक्षाघाताने डावी बाजू गेलेली. मी चादरीला हात घातला तशी त्यांनी मला थांबवलं आणि काकांना म्हणाल्या, "उजवा गुडघा वाकवा. आता उजव्या हाताने डावीकडचा कठडा धरा." काकांनी धरला. मी खांद्यामागे फक्त तळहात टेकवला होता. एक, दोन म्हणेपर्यंत काका कुशीवर वळले होते. इतक्या रात्रींत आम्ही त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. पहाटे चारच्या खेपेला मी पलंगाशी पोचले तेव्हा त्यांनी गुडघा आधीच वाकवून ठेवला होता.