गौरीजेवणानंतरचा हौद

शनिवारी सकाळी साडेसहाला वॉचमनदादांचा फोन आला. "काकू, जिन्यावर अळ्या चढल्यात, पार पहिल्या मजल्यापर्यंत. लोक म्हणतायत फिनेल ओता हौदात." म्हटलं, ओतू देऊ नका, मी आलेच.

आमची पुण्यातली 28 घरांची सोसायटी. मागच्या बाजूला विटांचे दोन हौद आहेत, लांबी, रुंदी, खोली प्रत्येकी तीन फूट. त्यातलं खत कंपाउंडलगतच्या भाजीच्या वाफ्यांना जातं. एरवी दिवसाला 20 लिटरच्या दोन बादल्या ओला कचरा येतो. बुधवारी गौरीजेवण झालं आणि एका रात्रीत नऊ बादल्या आल्या. सोळा भाज्यांची देठं-सालं, उष्टी केळीची पानं, भात, पुरण, झेंडू-शेवंतीचं निर्माल्य, आघाडा. वर तीन दिवस पावसाची झड.

आधी जिना पाहिला. अळ्या पेरभर लांब, चपट्या, कड्याकड्यांच्या, काळपट तपकिरी. घरमाशीची अळी पांढरी, गुळगुळीत, एका टोकाला निमुळती असते. ही ती नव्हे. ही काळ्या सैनिक माशीची अळी. तिची माशी चावत नाही, अन्नावर बसत नाही. अळी मात्र कचरा झपाट्याने फस्त करते. खाणं संपून रंग गडद झाला की ती कोष करायला कोरडी जागा शोधत निघते, आणि हौदात चिखल झाला की आणखी घाईने. म्हणजे अळ्या जिन्यावर दिसल्या तर जिना झाडायचा आणि हौद उघडून पाहायचा. केरसुणी-सुपलीने गोळा करून त्या झाडाखाली टाकल्या, साळुंक्यांनी दहा मिनिटांत उचलल्या.

हौदाजवळ सडक्या अंड्याचा वास होता. वास ओळखता आला की निम्मं काम होतं. नाकाला झोंबणारा, अमोनियाचा वास आला तर ओलं जास्त, सुकं कमी, पण हवा आहे. सडक्या अंड्याचा किंवा आंबूस वास आला तर हवाच नाही. फिनेल ओतलं असतं तर काम करणारे जिवाणू आणि गांडुळं मेली असती आणि सडणं तसंच राहिलं असतं. कुणीतरी चुना आणूनही ठेवला होता. ओल्या कचऱ्यात चुना पडला की अमोनिया वायू होऊन उडतो. वास वाढतो आणि झाडाला हवा असलेला नत्रही जातो.

ताडपत्री अंथरली आणि पंजाने उपसायला सुरुवात केली. वरचे चार-पाच इंच बरे होते. त्याखाली केळीचं अख्खं पान आडवं पसरलेलं. त्याच्याखाली आणखी एक, मग भाताचा थर, मग पुन्हा पानं. पान उचललं की वरच्या बाजूला पाणी साचलेलं आणि खालचा कचरा राखाडी, बुळबुळीत. केळीच्या पानाला मेणाचा हात असतो, पाणी त्यावरून ओघळतं. अशी पाच-सहा पानं एकावर एक पडली की हौदात प्लॅस्टिकच अंथरल्यासारखं होतं. पाणी खाली उतरत नाही, हवा वर येत नाही.

भिंतींचंही तेच. आमचे हौद नाडेपच्या धर्तीवर बांधलेत. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांच्या नावावरून ओळखली जाणारी ही खत करायची पद्धत. मूळ हौद 10 बाय 6 बाय 3 फुटांचा आणि विटांमध्ये मुद्दाम ठेवलेली भोकं. त्या भोकांतून हवा खेळते म्हणूनच ती पद्धत चालते. आमच्या हौदाच्या खालच्या दोन ओळींतली सगळी भोकं ओल्या पानांनी आतून लिंपली होती. तळाच्या जाळीवर हारांचे दोरे गुंतून बसले होते. सळई घालून जाळी मोकळी केली, तेव्हा दोन बादल्या काळं पाणी बाहेर आलं.

हे पाणी "द्रवखत" म्हणून झाडांना घालायची पद्धत आहे. कृपा करून घालू नका. हवेशिवाय सडलेल्या कचऱ्याच्या पाण्यात सेंद्रिय आम्लं असतात, कोवळी मुळं त्याने करपतात. आमच्याकडे एकांनी प्रेमाने पालकाच्या वाफ्यात तांब्याभर ओतलं होतं, संध्याकाळपर्यंत त्या कोपऱ्यातली रोपं माना टाकून पडली. आम्ही ते पाणी कोरड्या भुशात जिरवलं आणि भुसा हौदात घातला.

आता दुरुस्ती. पानं वेगळी काढून कोयत्याने तळहाताएवढे तुकडे केले. दोरे, उदबत्तीच्या काड्या, एक जरीची झालर काढली. भाताचे गोळे बाहेरून पांढरे, आतून आंबलेले होते, हाताने फोडले. मग सुकं. ओल्या कचऱ्याच्या एका बादलीला सुक्याच्या दीड ते दोन बादल्या लागतात. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नत्राच्या एका भागाला कर्ब साधारण 15-20 भाग, आणि खताला हवा 25-30. तो फरक सुका पालाच भरून काढतो. सायकल स्टँडमध्ये पाल्याची चारच पोती उरली होती, ती पुरेनात. लाकडाच्या वखारीतून दोन पोती भुसा आणला. भुसा अख्ख्या लाकडाचाच घ्यायचा. प्लायवूडचा नको, त्यात डिंक-रसायन असतं. आणि नुसता भुसाही नको, तो दाबून बसतो आणि हवा अडवतो. पाला-भुसा मिसळूनच घातला.

तळाशी सहा इंच नारळाच्या शेंड्या पसरल्या. सणात त्या ढिगाने येतात आणि तळ मोकळा ठेवायला त्यांच्याइतकं चांगलं काही नाही. शेजारच्या हौदातलं तयार होत आलेलं खत पोत्यांत भरून जागा केली, कारण सुकं मिसळल्यावर माल एका हौदात मावेना. त्यातलंच एकेक घमेलं प्रत्येक थरावर विरजणासारखं टाकलं. "ताक-गूळ घालू का?" असं दोघी-तिघींनी विचारलं. नव्या हौदाला ताक जरूर घालावं. इथे जिवाणूंची वाण नव्हती, हवेची होती.

ओल किती हवी ते मुठीत पाहायचं. मूठभर माल घट्ट पिळला तर बोटांमधून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर सुकं वाढवा, मूठ उघडताच भुगा सुटला तर पाणी शिंपडा. सकाळी धार लागत होती, दुपारी दोनला एक थेंब आला. मग वर चार इंच भुसा आणि पावसासाठी पत्रा, दोन विटांवर टेकवलेला, म्हणजे बाजूने हवा जाते.

सोमवारी लोखंडी सळई मध्यभागी खुपसून दहा मिनिटांनी काढली. हातात धरवेना. म्हणजे आत 55 अंशांच्या आसपास, माश्यांची अंडी आणि तणांचं बी मरायला पुरेसं. वास रविवारीच गेला होता. सातव्या दिवशी माल खालीवर केला, तेव्हा उंची तिसऱ्या हिश्शाने उतरली होती.

खत काळं दिसलं म्हणून तयार झालं असं नसतं. दोन महिन्यांनी मूठभर ओलं खत पिशवीत बांधून तीन दिवस ठेवलं, उघडल्यावर पावसाच्या मातीसारखा वास आला. तरी मेथीचे 20 दाणे त्या खतात आणि 20 बागेतल्या मातीत पेरले. खतात 17 उगवले, मातीत 18. मगच वाफ्यात घातलं. कच्चं खत मातीतला नत्र स्वतःसाठी ओढून घेतं, रोपं पिवळी पडतात आणि लोक खताला दोष देतात.

आता गौरीच्या आदल्या दिवशी हौदाशेजारी तीन गोष्टी ठेवतो. पानांसाठी वेगळं पोतं, त्यावर कोयता. हाराचे दोरे टाकायला डबा. आणि शिजलेल्या अन्नासाठी झाकणाची बादली, कारण तेल-तूप कचऱ्यावर चढलं की हवा अडते आणि घुशीही त्याच वासावर येतात. ते दिवसाला थोडं थोडं, भुशात कालवून मधोमध पुरतो. पाल्याची सोय मात्र भाद्रपदात होत नाही, तेव्हा सगळं भिजलेलं असतं. देशी बदाम आणि पिंपळाची पानं हिवाळा सरताना पडतात, तेव्हाच पोती भरायची. यंदा 22 भरलीत. आंब्याची पानं कुजायला फार वेळ घेतात म्हणून ती वेगळी, पायाने चुरडून.