गाऱ्हाणे मांडण्याची जागा

देवावरचा माझा विश्वास कधी उडाला नव्हता, आणि म्हणूनच आमच्यात पडलेले अंतर बराच काळ कोणाच्या ध्यानात आले नाही. धाकटा भाऊ ऐन उमेदीत गेला. त्याच्या आजारपणात बोललेल्या नवसांपैकी, धरलेल्या उपवासांपैकी काहीही कामी आले नाही. तरीही घरातली सकाळची पूजा चालू राहिली. दिवा लागत होता, तुळशीला पाणी मिळत होते, संध्याकाळी हरिपाठ होत होता. मात्र मनातले एकही वाक्य मी त्या मूर्तीपुढे उच्चारत नव्हते. भक्ताने देवावर रागावू नये, जे घडले ते त्याची इच्छा म्हणून स्वीकारावे, हे लहानपणापासून ऐकत आलेले. त्यामुळे राग आतच राहिला, आणि तो ओलांडून देवापर्यंत जाणे मला जमत नव्हते.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माऊलींची पालखी आळंदीहून निघते आणि सुमारे २५० किलोमीटरची वाट चालून आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोहोचते. ओळखीच्या एका दिंडीबरोबर मी चालू लागले ते काही मिळवण्याच्या अपेक्षेने नव्हे. घरात बसवत नव्हते, एवढेच कारण पुरेसे होते. दिवे घाट चढताना, सासवड आणि जेजुरी मागे टाकताना पाय दुखत होते, ओठांवर अभंग होते, पण मन कोरडेच होते. वारीत अनोळखी माणसे ‘माऊली’ म्हणून एकमेकांच्या पाया पडतात. कोणी माझ्यासमोर वाकले की मी अवघडून जात असे. मनात देवाविषयी इतका कडवटपणा असताना कोणी मला माऊली म्हणावे, हे मला पेलवत नव्हते.

नीरेत पादुकांना स्नान झाले, लोणंदचा मुक्काम झाला, मग चांदोबाच्या लिंबाजवळ उभे रिंगण झाले आणि संध्याकाळी पालखी तरडगावच्या तळावर आली. मुक्कामी पोहोचल्यावर होणारी समाजआरती मी त्याआधीही पाहिली होती, पण गर्दीत मागे उभी राहून. त्या दिवशी मात्र आमची दिंडी पालखीच्या बरीच जवळ होती. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो, आणि चोपदारांनी दंड उंचावला की हजारो टाळ एकाच क्षणी थांबतात. ती शांतता अंगावर येते. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते आणि आरती होते. पण त्या संध्याकाळी चोपदारांनी दंड उंचावल्यावरही डाव्या बाजूच्या एका दिंडीचे टाळ वाजतच राहिले. मला तो बेशिस्तपणा वाटला, म्हणून मी शेजारच्या वयस्कर टाळकऱ्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “त्यांचं काहीतरी गाऱ्हाणं आहे, ताई. ज्याचं गाऱ्हाणं असतं, तो टाळ थांबवत नाही. ते ऐकून घेतल्याशिवाय आरती होत नाही.”

चोपदार त्या दिंडीकडे गेले. पाण्याचा टँकर वेळेवर न पोहोचल्याची तक्रार होती, असे नंतर कळले. बोलणे झाले, टाळ थांबले, मग आरती सुरू झाली. तक्रार करणाऱ्यांना कोणी गप्प बसा म्हटले नाही, त्यांच्या भक्तीविषयी शंका घेतली नाही. प्रत्यक्ष माऊलींच्या पालखीसमोर, साऱ्या समाजाच्या साक्षीने त्यांनी आपली नाराजी वाजवून दाखवली होती, आणि तीही भजनाच्याच टाळांनी. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबांनी या सोहळ्याला शिस्त लावली असे सांगतात, आणि त्या कडक शिस्तीतही गाऱ्हाण्यासाठी जागा राखलेली आहे, ही गोष्ट मला रात्रभर झोपू देईना.

दुसऱ्या दिवशी फलटणच्या वाटेवर मी टाळ मागून घेतले. टाळांची दोरी बोटाला काचत होती, पुढची ओळ अभंग धरत होती, मी साथ देत होते, आणि त्या साथीच्या आडून मनात पहिल्यांदा सरळ बोलत होते. रुग्णालयातल्या त्या शेवटच्या रात्री मी तुला किती हाका मारल्या, तू कुठे होतास, असे विचारले. रडू आले, ते आवरले नाही. शेजारून चालणाऱ्या बाईंनी काही न विचारता माझी पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. कडवटपणा त्या दिवशी सरला असे मी म्हणणार नाही. पण ज्याच्यावर रागावले होते तो इतक्या दिवसांनी समोर होता, आणि मी त्याच्याशी बोलत होते.

संतांनी हे कधी लपवले नव्हते. जनाबाई विठ्ठलाशी कडाकडा भांडली, नामदेव त्याच्यावर रुसले. हे सारे मला ठाऊक होते, पण ते थोरांचे अधिकार आहेत अशी माझी समजूत होती.

पंढरपुरात महाद्वारी नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. तिथे मी सर्वांत जास्त वेळ थांबले. माझा अडथळा माझ्या आत होता. त्यांच्यापुढे तर देवळाचे दारच बंद होते, आणि ते बंद करणारी माणसे होती. अंतरीच्या अडथळ्यांविषयी बोलताना असे बाहेरचे अडथळे विसरणे मला योग्य वाटत नाही. त्यांनी आपली व्यथा अभंगांतून थेट विठ्ठलाला विचारली, आणि साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली हे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले होईपर्यंत सहाशेहून अधिक वर्षे गेली. चोखोबांनी मात्र टाळ खाली ठेवले नाहीत.

पदस्पर्शाच्या रांगेत उभे राहण्याचे त्राण नसल्याने मी कळसाला हात जोडले आणि भावाचे नाव घेऊन, त्याला का नेलेस, असे विचारले. तो प्रश्न मी आजही विचारते. सकाळच्या पूजेला आता पूर्वीपेक्षा बराच वेळ लागतो, कारण त्या प्रश्नाबरोबर आदल्या दिवशीचे घरातले बरेवाईटही त्याला सांगायचे असते.