पिवळी तिळवण मुद्दाम पेरायची तर

पावसाळ्यात रस्त्याकडेला नि पडीक रानात चिकट, उग्र वासाची, पिवळ्या फुलांची झाडं उगवतात, ती पिवळी तिळवण. आपण ती तण म्हणून उपटतो. पण दिवसभर तापणाऱ्या मुरमाड कोपऱ्यासाठी याहून चांगलं देशी वर्षायू फूल मला तरी माहीत नाही.

घोटाळा होतो तो बियाण्यात. ताजं बी सुप्तावस्थेत असतं, जमवून लगेच पेरलं तर फारसं उगवत नाही. मागच्या हंगामातलं, कागदी पुडीत कोरडं ठेवलेलं बी घ्या. जूनमध्ये दोन-तीन चांगल्या सरी पडून जमीन भिजली की पेरा. एक चौरस मीटरला सपाट पाव चमचा पुरे. बी मोहरीसारखं गडद पण तिच्याहून बारीक, म्हणून दोन मुठी कोरड्या वाळूत कालवून फेका आणि तळहाताने दाबा. वर मातीचा थर नको, खोल गेलेलं बी वर येत नाही. उगवणही एकदम होत नाही, मागाहून रोपं येत राहतात. तेव्हा लगेच खुरपं घालू नका.

रोपं बोटभर झाली की वीस-पंचवीस सेंटिमीटरवर एक ठेवून विरळणी करा. उपटलेली दुसरीकडे लावण्यात अर्थ नाही. सोटमूळ दुखावलं की ती माना टाकतात. बारा इंची कुंडीत तीनच ठेवा, पेरणी थेट कुंडीतच.

खत अजिबात नको. शेणखताच्या वाफ्यात झाड पानांनी माजतं, फुलं कमी, आणि वाऱ्यात आडवं होतं. सावलीत उंच, किरकोळ वाढतं. पाणी साचलं तर मूळ कुजतं. काळ्या जमिनीत वीतभर उंच वरंबा करून त्यावरच पेरा.

फूल सकाळी जवळून बघा. चारही पाकळ्या वरच्या बाजूला पंख्यासारख्या उघडतात, खाली पुंकेसरांचा झुबका. छोट्या मधमाश्या तिथेच घुटमळतात.

शेंगा खालून वर पिकतात आणि टोकाकडून फाटतात. खालच्या शेंगा वाळल्या गवताच्या रंगाच्या झाल्या की रोज दोन-चार तोडून कागदावर वाळवा, हात चिकट होतातच. शेजारी शेत असेल तर मात्र बाकीच्या शेंगा फाटण्याआधी झाडं काढून टाका. जमलेलं बी पुढच्या जूनला. उत्तराखंडात हेच बी ‘जखिया’ म्हणून फोडणीत तडतडतं.