बोनेटवरचा तळहाताएवढा तुकडा

"रॅप घरीच लावू का, की तुमच्याकडे आणू?" हा फोन मला आठवड्यातून चारदा तरी येतो. चिंचवडला गाड्यांना रॅप, म्हणजे रंगावर चिकटवायची रंगीत प्लास्टिक फिल्म, लावायला लागून ९ वर्षं झाली आणि ९ वर्षं मी एकच उत्तर देत आलोय, आणा. गेल्या महिन्यात एक वॅगन आर आली, तेव्हापासून ते उत्तर तोंडातून सरळ निघत नाही.

गाडी घेऊन मोशीचे बापलेक आले होते. काका भोसरीच्या एका कंपनीतून निवृत्त झालेले, आयुष्य टूलरूममध्ये गेलेलं. मुलगी हिंजवडीला नोकरीला. तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली सिल्व्हर गाडी, रंग उन्हाने मेलेला. दोघांनी मॅट ग्रे फिल्मचा १८ मीटरचा रोल ऑनलाइन मागवला, छपरासाठी ग्लॉस काळ्याचा वेगळा तुकडा घेतला आणि चार रविवार सोसायटीच्या पार्किंगमध्ये खपून गाडी रॅप केली. आता पुढच्या बंपरवरची फिल्म कोपऱ्यांत सुटली होती, दोन्ही आरशांवरच्या कडा वर आल्या होत्या. "दादा, तेवढं बंपर आणि आरसे करून द्या, बाकी ठीक आहे," मुलगी म्हणाली.

मी आधी छप्पर पाहिलं. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यात सरळ रेषेत पडलं होतं. ग्लॉस काळ्यात धुळीचा एक कण अडकला तरी पुरळासारखा दिसतो. आमच्या बंद शेडमध्ये, फरशीवर पाणी मारूनही एखाद-दुसरा राहतोच. इथे मला दोन सापडले, तेही मागच्या काठाला. मी विचारलं, कसं केलंत? काकांनी आदल्या रात्री पार्किंग धुवून काढलं होतं आणि पहाटे पाचला, वारा नसताना, फिल्म टाकली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तीनदा पुसून, क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेले कण उचलणारी मऊ वडी, फिरवून. आमच्याकडे तीन महिन्यांपूर्वी लागलेल्या पोराला क्ले बार कशासाठी फिरवतात हे अजून सांगता येत नाही.

मग बंपर का सुटला? त्यांचा हात कमी पडला नव्हता, फिल्म चुकीची होती. स्वस्त फिल्म कॅलेंडर्ड असते, म्हणजे प्लास्टिक तापवून रुळांमधून दाबत पातळ केलेली. तो ताण तिच्या अंगात राहतो आणि ऊन लागलं की ती आक्रसायला बघते. कास्ट फिल्म द्रव ओतून, भट्टीतून सुकवून बनते, त्यामुळे तिच्यात तो ताण जवळजवळ नसतो. छप्पर सपाट, तिथे कॅलेंडर्डही निवांत बसते. बंपरच्या खोबणीत ती ओढून बसवली की आठवड्या-दोन आठवड्यांत आपल्या मूळ आकाराकडे परत निघते. कास्ट असली तरी ताणलेल्या जागी शेवटी हीट गनने ९० अंशांच्या वर तापवावी लागते, म्हणजे ती जुना आकार विसरते. आम्ही तापमापक लावून इंच-इंच तपासतो. काकांकडे घरचा हेअर ड्रायर होता. रोल विकणाऱ्याने यातलं काहीही सांगितलं नव्हतं, 'कार रॅप' एवढंच लिहून १४ हजार घेतले होते.

शेठ म्हणाले, अर्धं काम घ्यायचं नाही, सगळं काढू आणि नव्याने करू. त्यामागे कारणही होतं, आमच्या ग्रेची छटा त्यांच्या ग्रेशी जुळणार नव्हती. पण साठ हजारांचं काम समोर दिसलं की शेठना छटा जरा जास्तच वेगळी दिसते, हेही खरं. मी एवढंच म्हटलं की छप्पर काळं आहे, ते राहू द्या. ते मान्य झालं.

काकांनी त्याच वेळी एक प्रश्न विचारला, जो दहातला एक गिऱ्हाईक विचारतो. आरसीवर सिल्व्हर लिहिलंय, त्याचं काय? रंग बदलला की आरटीओत नोंद करावी लागते, आणि आमच्या धंद्यातले बहुतेक जण हे गिऱ्हाइकाला आपणहून सांगत नाहीत. 'मिलिटरी ग्रीन' मागणाऱ्या पोरांनाही नाही, जरी ऑलिव्ह ग्रीन खासगी गाडीला चालतच नाही, तो संरक्षण दलाच्या गाड्यांचा रंग.

जुनी फिल्म काढायचं काम मी स्वतः घेतलं. कॅलेंडर्ड फिल्म सलग निघत नाही. कोमट तापवायची, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून, तिरकी, हळू ओढायची. तरी ती नखाएवढ्या तुकड्यांत फाटते आणि गोंद मागे ठेवते. चार दारांना अख्खा दिवस गेला. मागच्या दाराच्या कडेला ब्लेडची वीतभर रेघ सापडली, क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, चिरून खाली गेलेली. मुलीनेच ती आधी पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. मी तिला जे सांगितलं ते आजही सांगेन. अशा रेघा मी नावाजलेल्या दुकानांतून आलेल्या गाड्यांवर जास्त पाहिल्यात. हँडल उघडायचा कंटाळा करून त्याच्या भोवती रंगावरच ब्लेड फिरवणारे स्वतःला कारागीर म्हणवतात. नाईफलेस टेप मिळते. आधी ती चिकटवायची, वर फिल्म टाकायची आणि टेपमधला दोरा ओढला की फिल्म कापली जाते, ब्लेड रंगाला लागतच नाही. वापरायला वेळ लागतो, एवढंच.

दुसऱ्या दिवशी बोनेट घेतलं. अर्ध्यापर्यंत फिल्म चर्रचर्र करत निघत होती. मग आवाज बंद झाला. हाताला ओढ एकदम मऊ लागली. मी थांबलो, पण तोवर तळहाताएवढा सिल्व्हर रंग फिल्मला चिकटून वर आला होता आणि खाली राखाडी पुट्टी दिसत होती.

बोनेट आधी कधीतरी ठोकून रंगवलेलं होतं. सेकंडहँड गाडी, बापलेकींना ते माहीत असायचं कारण नाही. मला माहीत करून घेता आलं असतं. रंगाची जाडी मोजायचं यंत्र आमच्या ड्रॉवरमध्ये आहे. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, त्याच्या दुप्पट-तिप्पट आकडा आला की समजायचं, इथे डेंटरचा हात लागलाय. तुकडा निघाल्यावर मी उरलेल्या बोनेटवर यंत्र टेकवलं. ३८०. एका पॅनलला पाच सेकंदांचं काम. नवी फिल्म लावण्याआधी मी हे नेहमी करतो. दुसऱ्याची फिल्म काढण्याआधी केलं नाही, कारण खाली काय असेल ते त्यांनी बघितलं असेल, असं मी मनात धरून चाललो होतो.

शेठ म्हणाले, त्यांचीच फिल्म, त्यांचीच गाडी, आपण काय करणार. मी फोन करून काकांना बोलावलं आणि ३८० चा आकडा दाखवला. ते बराच वेळ यंत्र हातात धरून एकेक पॅनल तपासत राहिले. दारं ११०, ११५. फेंडर १२०. मग म्हणाले, "मोजायचं राहिलं." माझं की त्यांचं, ते बोलले नाहीत.

बोनेट रंगवायचे अर्धे पैसे मी माझ्या पगारातून कापून घ्यायला सांगितलेत. नव्या रंगावर लगेच फिल्म लावता येत नाही. आतला थिनर उडून जायला निदान तीन-चार आठवडे लागतात, नाहीतर खालून बुडबुडे येतात. त्यामुळे गाडी ग्रे दारं, काळं छप्पर आणि सिल्व्हर बोनेट अशी गेली. येत्या रविवारी ती परत येणार आहे. काकांनी विचारलंय की बोनेटची फिल्म ते स्वतः लावू शकतील का, आमच्या शेडमध्ये, आमची कास्ट फिल्म घेऊन, आणि मी दुसरं टोक धरायला उभा राहीन का. मी हो म्हटलंय. शेठना अजून सांगितलेलं नाही.